सीझ झालेलं (आतून जाम होऊन फिरेनासं) इंजिन घरीच बदललंय कुणी? या, लिहा

विषय काढायचं कारण म्हणजे आमच्या अंगणात फणसाला गेले अकरा दिवस चेनब्लॉक (इंजिन उचलायची साखळी-कप्पी) लटकतोय आणि येणारा-जाणारा प्रत्येकजण विचारतो, काय रे, बसलं की नाही अजून. म्हटलं गोव्यात आपल्यासारखे आणखी कोण वेडे आहेत ते तरी कळू दे. गराजात टाकून बिल भरलेले किस्से नकोत, ज्यांनी स्वतःचे हात काळे केलेत त्यांनी लिहा. फसलं असेल तर आधी लिहा. वर आपल्या गावाचं नाव टाका.

माझ्यापासून सुरुवात. बाबांची मारुती 800. मे महिन्यात केरीहून चोर्ला घाट चढताना टेंपरेचरचा काटा लाल पट्टीत गेला, मी एसी बंद केला आणि म्हटलं वर टपरीवर थांबू, चहा पण होईल. तो चहा मला एकवीस हजारांना पडला. कारण थोड्या वेळाने काटा आपोआप खाली आला आणि मला वाटलं गाडी सुधारली. खालचा रेडिएटर होज फाटून पाणीच संपलेलं, पाणी नसलं की सेन्सर कोरडा पडतो आणि काटा खोटं बोलतो, हे ज्ञान नंतरचं. दोन वळणांनंतर घरघर, मग किंचाळल्यासारखा आवाज, मग काहीच नाही. किल्ली फिरवली की नुसतं टक्क. मेस्त्रीने डिपस्टिक ओढून वास घेतला, पुलीला पाना लावून लोंबकळला आणि म्हणाला, "पात्रांव, हें इंजीन गेलें."

बोरिंग, पिस्टन, क्रँक ग्राइंडिंग, हेडचं काम, सगळं मिळून जो आकडा आला त्यापेक्षा बेळगावहून जुनं इंजिन स्वस्त. 800 बनायची 2014 ला बंद झाली तरी तिचे पार्ट अजून मिळतात, हे एक बरं. बॉनेट, बॅटरी, रेडिएटर, केबली, वायरी (प्रत्येकीला मास्किंग टेप लावून नंबर घातले, हे एकच काम शहाणपणाचं झालं), सायलेन्सरचे गंजलेले बोल्ट, मग चाकं फिरवणारे दोन्ही ड्राइव्ह शाफ्ट. शाफ्ट ओढल्यावर गिअर ऑइल बदाबदा तुळशीच्या दिशेने गेलं आणि आई दोन दिवस बोलली नाही. इंजिन आणि गिअरबॉक्स जोडीनेच वर काढले. हे सगळं एका रविवारात. मला वाटलं झालं की.

आता अडलंय ते इथे: बेळगावच्या इंजिनला क्लच प्लेट बसवली, गिअरबॉक्स लावायला गेलो तर गिअरबॉक्सचा शाफ्ट प्लेटमधून आत जातच नाही. दोन बोटांची फट राहते. भाऊ म्हणतो बोल्ट लावू आणि आवळून ओढून घेऊ. चवथ तोंडावर आलीय आणि गाडी पाहिजे. काय करू?

साखळी

तुझं तर खरंच गेलेलं, पण बाकीच्यांनी आधी खात्री करा रे. माझ्या गाडीला पण असंच नुसतं टक्क व्हायचं आणि एकाने चक्क सीझ म्हणून सांगितलं, मी भंगारवाल्याला फोनसुद्धा केला. स्टार्टरचं पिनियन (छोटं दातेरी चाक) फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनच्या मोठ्या चाकाच्या, दातांत अडकलं होतं. किल्ली बंद ठेवून चौथ्या गिअरमध्ये गाडी पुढे-मागे हलवली, खट् करून सुटलं. स्पार्क प्लग काढून पुलीला लांब पाना लावून हाताने फिरवून बघायचं, तरी हललं नाही तर मग रडा.

कुडचडे

आमची ओम्नी 2020 पासून दोन पावसाळे शेडमध्ये. कुणीतरी एक प्लग काढून नेला होता, भोक उघडंच, आपली दमट हवा आत जाऊन पिस्टनच्या रिंगा सिलेंडरला चिकटल्या. बाबा म्हणाले भंगारात काढू. मी म्हटलं थांबा. डिझेल आणि ऑटोमॅटिक गिअरचं पातळ ऑइल अर्धं-अर्धं करून तिन्ही भोकांत ओतलं आणि रोज संध्याकाळी दिवाबत्ती झाली की पाना लावून बघायचं. नवव्या दिवशी अंगठ्याएवढं हललं. मी एवढी ओरडले की बाबा धावत आले, त्यांना वाटलं विंचू चावला. सुरू पण झालं, पण निळा धूर एवढा की शेजारची वाळत घातलेली चादर परत धुवावी लागली. रिंगा गेलेल्याच. मग भाऊ जहाजावरून सुट्टीवर आला तेव्हा इंजिन बदललं. ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं, 800 सारखं वरून काढायला बघू नका. गाडी उंच करून खालून जॅकवर घ्यायचं, खाली दोन जुने टायर टाकायचे. गाडीखाली जाताना नुसत्या जॅकवर विसंबू नका, आम्ही चिरे रचून त्यावर लाकडाच्या फळ्या घातल्या होत्या. तेही खरं तर चुकीचंच, चिरा वजनाने फुटतो.

वाळपई

2021 च्या जुलैमधला पूर आठवत असेल. पाणी ओसरल्यावर गाडी बाहेरून स्वच्छ पुसली, आत बसून स्टार्टर मारला, हाच तो गाढवपणा. पाणी दाबलं जात नाही हो. पिस्टन वर येतो, वर पाणी, मग वाकतो तो कनेक्टिंग रॉड. आधी प्लग काढून इंजिन फिरवलं असतं तर भोकांतून पिचकारी उडाली असती आणि ऑइल बदलून कदाचित निभावलं असतं. विमावाल्यांनी सांगितलं इंजिन प्रोटेक्टचं वेगळं कव्हर घेतलेलं नाही. बरोबरच होतं, मी पॉलिसी वाचलीच नव्हती. इंजिन घरीच बदललं, त्यात विशेष काही नाही, अर्थिंगची पट्टी लावायला विसरलो आणि दीड तास स्टार्टरला शिव्या घातल्या एवढंच.

म्हापसा

भावाला बोल्ट आवळू देऊ नका!! मी आवळले. गिअरबॉक्सच्या घराचा कान ॲल्युमिनियमचा, टच्च करून तुटला, आवाज अजून कानात आहे. प्लेट मधोमध बसलेली नसते म्हणून शाफ्ट आत जात नाही. क्लचच्या कव्हरचे बोल्ट सैल करा, प्लेट हाताने सरकेल इतपतच. मग लाकडाचा गोल दांडा घ्या, टोक पायलट बेअरिंगमध्ये (इंजिनच्या बाजूला मधोमध असलेलं छोटं बेअरिंग) घट्ट बसेल असं तासा, आणि जिथे प्लेटचे दाते येतात तिथे इन्सुलेशन टेप गुंडाळून जाड करा. दांडा घालून प्लेट मधोमध आली की कव्हरचे बोल्ट समोरासमोरचे थोडे-थोडे आवळा, मग दांडा ओढून काढा. आम्ही काजूची फांदी वापरली, कोयत्याने तासलेली. गिअरबॉक्स लावताना गिअरमध्ये टाका आणि दुसऱ्याला पुलीवरून इंजिन किंचित फिरवायला सांगा, दाते जुळले की तो स्वतःच सरकतो. शेवटची फट हाताने मिटली पाहिजे. मगच बोल्ट.

आणि इंजिन बाहेर आहे तोवर टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, मागचं ऑइल सील बदललं का? नसेल तर आत्ता बदला, नंतर त्या सीलसाठी गिअरबॉक्स परत उतरवावा लागतो.

फोंडा

कागदांचं कुणीच बोलत नाही म्हणून लिहितो. आरसीवर इंजिन नंबर असतो, बदललं की आरटीओत कळवून नोंद करून घ्यायची. माझं काम तीन महिने रखडलं कारण भंगारवाल्याने बिल दिलं त्यावर इंजिन नंबरच नव्हता, आणि ते इंजिन कुठल्या गाडीचं, ती गाडी कुणाची, काहीच कागद नाही. पैसे देण्यापूर्वी ब्लॉकवरचा नंबर वायर ब्रशने घासून स्वतः वाचा, फोटो काढा, बिलावर लिहून घ्या. विम्यातही बदलून घ्या. चोरीच्या गाडीचं निघालं तर इंजिन जाईल आणि पोलिसात तुम्हीच.

मडगाव

मी उलट सांगेन. केलं, जमलं, परत करणार नाही. चार रविवार, कमरेचा पट्टा, आणि बायको अजून पाहुण्यांना सांगते. ज्याला गडबड आहे त्याने मेस्त्रीकडे द्यावं.

परत मीच

म्हापशेकर, तुमचे पाय कुठे आहेत. लाटण्यावर आईने हात ठेवू दिला नाही, शेवटी कुदळीचा जुना दांडा तासला, टेपचे सोळा वेढे. भाऊ पुलीवर, मी गिअरबॉक्स पोटावर घेऊन. एकदम चुप्प असा आवाज झाला आणि फट गायब. आम्ही दोघं गोणपाटावर तसेच बसून राहिलो, पाऊस ताडपत्रीवर पडत होता. सील आणि पंप पण बदलला, बेल्ट उद्या. इंजिन परवा खाली सोडतो.

डिचोली

अभिनंदन. तो चेनब्लॉक परवानंतर मोकळा होतो का? माझी पण 800 च आहे, मागच्या आठवड्यापासून नुसतं टक्क. साखळीवाल्यांचं चौथ्या गिअरचं करून बघितलं, नाही सुटलं. रविवारी न्यायला आलो तर चालेल?

चालेल. फणसाला वर चढून गाठ सोडायला माणूस मात्र तुझाच आण.