सरंजाम दिला म्हणजे राज्य दिलं का? (दादरा-नगर हवेली)

मोडीवाली:
१७७९ च्या पुण्याच्या तहात पेशव्यांनी पोर्तुगीजांना वर्षाला १२,००० रुपये वसुलाची गावं, म्हणजे दादरा-नगर हवेली, कबूल केली. १७८३ आणि १७८५ च्या सनदांनी ती लावून दिली. मी मोडी कागद वाचते. तिथे सगळं एका शब्दावर ठरतं. हा सरंजाम होता. वसूल घ्यायचा, पण राज्य देणाऱ्याचंच. पोर्तुगालने भारतावर लावलेल्या दाव्यात हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानेही १२ एप्रिल १९६० ला हेच मान्य केलं. मग १९५४ मध्ये ही गावं पोर्तुगीजांकडून सुटली, त्यात आपण दुसऱ्याचं काय घेतलं?

वकीलसाहेब:
ताई, निकाल अर्धाच सांगितलात. पुढे न्यायालय म्हणतं की इंग्रज आले तेव्हा गावांचा सगळा कारभार पोर्तुगीजांच्याच हाती होता. इंग्रजांनी तो तसाच चालू दिला, स्वतंत्र भारतानेही हरकत घेतली नाही. म्हणून पोर्तुगालचं सार्वभौमत्व मान्य झालं. सनद कितीही पक्की असो, शंभर-सव्वाशे वर्षं कोणी विचारलंच नाही तर हक्क उरत नाही.

मोडीवाली:
विचारणार कोण? १८१८ ला पेशवाई बुडाली. परक्याने दुसऱ्या परक्याला मुकाट्याने दिलेलं मी कसं मानू? आणि त्याच निकालात पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या दमणहून, भारताच्या हद्दीतून, या गावांत जायला मुलकी अधिकारी, माणसं आणि माल यांना वाट आहे. फौज, सशस्त्र पोलीस, दारूगोळा यांना नाही. आपल्याच गावात शिपाई न्यायला शेजाऱ्याची परवानगी लागते, त्याला सार्वभौम म्हणायचं?

वकीलसाहेब:
म्हणायचं. लेसोथोच्या चारी बाजूंना दक्षिण आफ्रिका आहे, तरी तो स्वतंत्र देशच आहे. वाट नसणं वेगळं, राज्य नसणं वेगळं. आणि गावं आपलीच होती, तर १९६१ मध्ये विलीनीकरणाचा करार कशाला? त्यावर सही करायला के. जी. बदलानी या भारतीय प्रशासकीय अधिकाऱ्याला दादरा-नगर हवेलीचा एका दिवसाचा पंतप्रधान केलं होतं. शिवाय दहावी घटनादुरुस्ती करावी लागली.

सिल्वासाकर:
तुम्ही दोघं पुणे, लंडन, लिस्बन करताय. २ ऑगस्ट १९५४ ला सिल्वासा मोकळं झालं, त्यानंतर सात वर्षं तिथला कारभार स्थानिक लोकांच्या वरिष्ठ पंचायतीने पाहिला. विलीनीकरण तिनेच मागितलं. बदलानींची सही त्या मागणीवरूनच झाली. माझे आजोबा सिल्वासा मोकळं करणाऱ्या स्वयंसेवकांत होते. १७७९ चा तह त्यांनी कधी ऐकलाही नव्हता.

मोडीवाली:
ही बाजू माझ्याकडून सुटली, दादा. पण १९५५ मध्ये पोर्तुगालने दावा लावला तो भारतावर, पंचायतीवर नाही. तिथे उत्तर द्यायला सनदाच पुढे कराव्या लागल्या.