चुरशीच्या लढतीत तिसरा उमेदवार खरंच मतं खातो का?

पूर्णाकाठ (अकोट)
खातो, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि त्याचा मला त्रास होतो म्हणून लिहितोय. मी अकोला मतदारसंघातला. २६ एप्रिल २०२४ ला भर उन्हात रांगेत उभा होतो. निकाल काय लागला? भाजपचे अनुप धोत्रे ४,५७,०३०, काँग्रेसचे अभय पाटील ४,१६,४०४, वंचितचे प्रकाश आंबेडकर २,७६,७४७. पहिल्या दोघांत फरक ४०,६२६ चा, आणि तिसऱ्याकडे त्याच्या जवळजवळ सातपट मतं. काँग्रेस आणि वंचितची बेरीज विजयी उमेदवारापेक्षा सव्वादोन लाखांहून जास्त होते.

हे एकदाच घडलं असतं तर सोडून दिलं असतं. १९९८ आणि १९९९ ला बाळासाहेब (म्हणजे प्रकाश आंबेडकर) काँग्रेससोबतच्या समझोत्यात होते, तेव्हा दोन्ही वेळा अकोल्यातून लोकसभेत गेले. पुढे वाटा वेगळ्या झाल्या आणि २००४ ते २०१९ चारही वेळा संजय धोत्रे. आमच्या घरातलीच तीन मतं २०२४ ला तीन जागी गेली. घरात बेरीज होत नाही तर मतदारसंघात कुठून होणार?

माळरान (बाळापूर)
भाऊ, बेरीज बरोबर हाये तुमची, पन सुरुवातच चुकली. तिसरा कोन हे कोनं ठरवलं? २०१९ ले अकोल्यात बाळासाहेब दुसरे होते, २,७८,८४८. काँग्रेसचे हिदायत पटेल २,५४,३७०, तिसरे. मंग त्या साली काँग्रेसनं आमची मतं खाल्ली असं काऊन नाई म्हनलं कोनी? अन् त्या दोघायची बेरीज करा, ५,३३,२१८ होते. धोत्रे साहेब ५,५४,४४४. एक झाले असते तरी एकवीस हजारानं कमीच.

आमच्या जिल्हा परिषदेत वर्षानुवर्षं बाळासाहेबायच्याच पक्षाची सत्ता पाह्यली आमी. ज्याच्या हातात जिल्हा परिषद होती, तो लोकसभेत उभा रायला की 'मतं खानारा' होते? मायं मत कोन्या पक्षाच्या कोठारातलं धान्य नाई, का कोनी येऊन खाल्लं म्हनाव.

दर्यापूरकर
पूर्णाकाठ भाऊ, तुमच्या शिवाराला लागूनच आमचा अमरावती मतदारसंघ. तिथे नेमकं उलटं झालं. काँग्रेसचे बळवंत वानखडे ५,२६,२७१, भाजपच्या नवनीत राणा ५,०६,५४०. फरक १९,७३१. प्रहारचे दिनेश बुब ८५,३०० मतं घेऊन तिसरे. प्रहार तेव्हा राज्यात महायुतीच्याच सोबत होता. मग इथे तिसऱ्याने भाजपची मतं खाल्ली म्हणायचं? पण बुब मूळचे शिवसेनेतले, त्यांना मानणारे लोक दोन्हीकडचे. माझ्या ओळखीतल्या दोघांनी त्यांना मत दिलं. एक ते नसते तर पंजाला देणार होता, दुसरा कमळाला.

मला एवढंच दिसतं की जो हरतो त्याला तिसऱ्याचा राग येतो, आणि जो जिंकतो तो त्याच तिसऱ्याबद्दल एक शब्द बोलत नाही.

मेहकरची लेक
बुलडाण्याचं मी सांगते, कारण तिथलं मत माझ्या बाबांचं आहे. शिवसेनेचे प्रतापराव जाधव ३,४९,८६७, ठाकरे गटाचे नरेंद्र खेडेकर ३,२०,३८८, आणि अपक्ष रविकांत तुपकर २,४९,९६३. फरक २९,४७९. वंचितच्या उमेदवाराची ९८ हजारांवर मतं वेगळी.

निकालानंतर गावात बाबांना ऐकवलं गेलं, 'काका, तुम्ही मत वाया घातलं.' त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,६०० होता आणि बाजारात त्याच्या आतच भाव चालला होता. घरात पोती पडून होती. बाबा म्हणाले, 'तुपकर उभे नसते तर मी त्या दिवशी केंद्रावर गेलोच नसतो.' त्यांचं मत कुणाचं कमी झालं मग? हमीभावाचं आंदोलन करणाऱ्या माणसाला एका मतदारसंघात अडीच लाख लोक मत देतात, हे दोन्ही बाजूंच्या नेत्यांना दिसलं पाहिजे. बाबांच्या मताचा तोच उपयोग होता. त्याला वाया गेलं म्हणणं मला सहन होत नाही.

गणिताची वही (शेगाव)
तिन्ही शेजारी मतदारसंघ एकाच मापाने मोजून पाहिले. धरून चाला की तिसऱ्याचे सगळे मतदार तो नसतानाही मतदानाला आले असते आणि त्यांनी पहिल्या दोघांपैकी एकालाच मत दिलं असतं. निकाल उलटायला त्यातले शंभरातले किती जण हरलेल्या उमेदवाराकडे जायला हवे होते? अकोल्यात ५८. बुलडाण्यात ५६. अमरावतीत ६२. बाबांसारखे शंभरातले पंचवीस-तीस जण घरी बसले असते तर हा आकडा आणखी वर जातो.

अकोल्यात ५८ मला शक्य वाटतात. अमरावतीत ६२ अवघड. बुलडाण्यात मी ठामपणे काहीच म्हणणार नाही, कारण शेतकऱ्यांच्या प्रश्नावर गोळा झालेली मतं सगळ्या पक्षांतून येतात. या विषयात ज्याचा दाखला जगभर देतात तो अमेरिकेतल्या फ्लोरिडाचा. २००० साली जॉर्ज बुश तिथे ५३७ मतांनी पुढे राहिले आणि त्यावर अध्यक्ष झाले. तिसरे उमेदवार राल्फ नेडर यांना त्याच राज्यात ९७ हजारांवर मतं होती. तिथे हेच माप लावलं तर शंभरातले ५१ सुद्धा पुरे होते, म्हणून तो दाखला मला पटतो. चाळीस हजारांचा फरक आणि पाचशेचा फरक एका तराजूत घालू नका.

पूर्णाकाठ (अकोट)
ताई, बाबांचा अपमान करायचा हेतू नव्हता. गावात त्यांना तसं बोलले ते चुकलेच. माळरान भाऊ, २०१९ ची बेरीज मी कधी केलीच नव्हती, ती मान्य. तरी २०२४ चं माझं म्हणणं मी सोडत नाही. वही म्हणते ५८ शक्य आहेत, म्हणजे निकाल फिरला असण्याची शक्यता आहेच. काँग्रेस आणि वंचितची जागावाटपाची बोलणी फिसकटली त्याची किंमत मतदाराने का मोजायची?

माळरान (बाळापूर)
बोलनी दोघायची फिसकटली, शिव्या एकालेच. नागपुरात वंचितनं काँग्रेसच्या विकास ठाकरेले पाठिंबा देल्ला होता. तरी गडकरी १,३७,६०३ मतानं निवडून आले. आमी बाजूले झालो तरी जिकत नाई, अन् उभे रायलो तं आमच्यामुळं हारले म्हंते.

निवृत्त मास्तर (कारंजा)
तुम्हा सगळ्यांचं वाचलं. दोष मोजण्याच्या रीतीत आहे असं मला वाटतं. एकच खूण करायची आणि ज्याच्या खुणा जास्त तो आला, मग निम्म्याहून जास्त लोकांना तो नको असला तरी. दुसरी रीत आपल्या विभागात आहेच. विधान परिषदेच्या अमरावती शिक्षक मतदारसंघात मी अनेकदा तसं मतदान केलं आहे. केंद्रावरच जांभळ्या शाईचा पेन देतात, त्याने नावांसमोर १, २, ३ असे पसंतीचे आकडे लिहायचे. पहिल्या पसंतीत कुणी निम्म्याच्या वर गेला नाही, तर सगळ्यात खालच्याला बाद करून त्याच्या मतपत्रिका दुसऱ्या पसंतीप्रमाणे वाटतात. असं करत करत निकाल लागतो. २०२० ला इथून किरण सरनाईक अपक्ष म्हणून निवडून आले. तिथे अपक्षाला १ लिहायला मनात धाकधूक नसते. १९६९ ला राष्ट्रपतिपदी व्ही. व्ही. गिरी आले तेही दुसऱ्या पसंतीची मतं मोजून.

अकोल्यात ही रीत असती तर वहीला अंदाज बांधावा लागला नसता. २,७६,७४७ लोकांनी २ कुणाला लिहिला ते मोजून कळलं असतं.

बूथवरचा (मूर्तिजापूर)
गुरुजी, मी मतदान केंद्रावर प्रतिनिधी म्हणून बसतो. शिक्षक मतदार काही हजारांत असतात. अकोल्यात ११ लाखांवर मतं पडली आणि यंत्राला बटण एकदाच दाबायचं असतं. आमच्या गावात अजून म्हाताऱ्या बाया चिन्ह विचारत येतात. त्यांना तीन आकडे लिहायला लावलं तर कितीतरी मतं बाद होतील, ही भीती मला खरी वाटते.

आणि खरा तिसरा आणि उभा केलेला तिसरा यात फरक करा. २०२४ ला साताऱ्यात शरद पवारांच्या पक्षाचं चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस होतं. एका अपक्षाला पिपाणी मिळाली आणि त्याला ३७,०६२ मतं पडली. भाजपचे उदयनराजे पवारांच्या उमेदवाराविरुद्ध जिंकले ३२,७७१ ने. त्या ३७ हजारांत चिन्ह चुकलेले किती असतील? तिसऱ्याबद्दल चिडायचंच असेल तर मी अशा ठिकाणी चिडेन. बाळासाहेबांना किंवा तुपकरांना मत देणाऱ्याला आपण कुणाला मत देतोय ते पक्कं माहीत होतं.

निवृत्त मास्तर (कारंजा)
बाद मतांची भीती रास्त आहे, बुवा. पण एकाच नावासमोर फक्त १ लिहिला तरी ते मत धरतात. दुसरी पसंती सक्तीची नाही.

माळरान (बाळापूर)
मास्तर, ही रीत आली तं मले चालते. माया कागदावर एक नंबर आज जो हाये तोच राहीन. दोन नंबर कोनाले द्याचा ते मंग ठरवू. काँग्रेसवाल्यायले त्यासाठी आमच्या वस्तीत येऊन मागा लागन. आतापर्यंत त्यायनं 'मतं खाल्ली' एवढंच म्हनलं, मागाले कोनी आलं नाई.