एकाच पेटीत कोणते मासे नांदले? आपापले अनुभव लिहा

जलतरंग:
परवा दंतवैद्यांकडे नंबर लागेपर्यंत तिथल्या मत्स्यपेटीकडे पाहत बसलो होतो. दोन टायगर बार्ब एका एंजलचे लांब पर कुरतडत होते आणि काउंटरवरच्या ताई लहान मुलांना ‘ते खेळत आहेत’ असे समजावून सांगत होत्या. ते पाहून वडील क्रॉफर्ड मार्केटमधून प्लास्टिकच्या पिशव्यांत मासे आणत, ते दिवस आठवले. दुकानदार देईल ते एकत्र सोडायचे आणि सकाळी उरतील ते आपले, असा तेव्हाचा सरळ हिशेब होता.

कोणते मासे एकत्र ठेवावेत, हे विचारताना बहुतेक जण फक्त ‘हा मारामारी करतो का?’ एवढेच विचारतात. माझ्या मते आधी पाणी पाहावे, मग मासा पूर्ण वाढल्यावर केवढा होतो ते पाहावे, आणि स्वभावाकडे त्यानंतर वळावे. स्वभावही संख्येवर अवलंबून असतो: आठ-दहा टायगर बार्ब एकत्र असले की त्यांची खोडी बहुतांशी आपापसांतच जिरते, पण दोनच असले की ते शेजाऱ्यांच्या मागे लागतात. (तरीही एंजलबरोबर ते मी ठेवणार नाही.) तुमच्याकडे काय जमले आणि काय फसले, ते सविस्तर लिहावे.

सांगलीकर:
पाण्याचा मुद्दा शंभर टक्के मान्य. आमच्याकडे बोअरवेलचे पाणी असून त्यात इतके क्षार आहेत की बादलीला पांढरा थर चढतो. निऑन टेट्रा मुळात अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातल्या मृदू, किंचित आम्लधर्मी पाण्यातला मासा आहे. हल्ली दुकानात येणारे निऑन शेतीत वाढवलेले असल्यामुळे थोडेफार जुळवून घेतात, तरी आमच्या पाण्यात त्यांचा रंग कधी खुलला नाही. त्याच पाण्यात मोली, प्लॅटी आणि स्वोर्डटेल मात्र अशी बहरली की पाहुणे पेटीसमोरून हलत नाहीत. आता पाण्याचा गुणधर्म बदलण्याच्या खटाटोपात न पडता पाण्याला मानवणारे मासेच आणतो. एक पुरवणी: मोलीसाठी मीठ घाला, असा सल्ला सर्रास मिळतो, पण तळाशी फिरणाऱ्या कोरीडोरासना आणि टेट्रांना मीठ सोसत नाही.

निळीशाई:
गप्पीची ‘एक जोडी’ मागणाऱ्यांनी बारशांची तयारी ठेवावी. साधारण महिन्याला पिल्ले होतात, आणि एकाच मादीमागे नर सतत लागला तर ती बिचारी थकून मरते, म्हणून एका नरामागे दोन-तीन माद्या ठेवाव्यात किंवा सरळ सगळे नरच आणावेत. आमच्याकडे एंजल आल्यापासून कुटुंबनियोजन आपोआप होत आहे.

सांगलीकर:
निळीशाई, तो एंजल मोठा झाल्यावर निऑनही गिळतो, हे ध्यानात असू द्या! दोघेही अ‍ॅमेझॉनचेच असल्यामुळे दुकानदार ‘गाववाले आहेत’ म्हणून त्यांना एकत्र विकतात, पण तिकडेही त्यांचे नाते जेवणाचेच आहे.

वाड्यातली_सून:
आमच्या सासूबाईंनी वास्तूसाठी आठ सोनेरी आणि एक काळा असे नऊ गोल्डफिश मागवले आहेत, आणि पेटी आहे दोन फुटांची. त्यांना कसे समजवावे?

जलतरंग:
वहिनी, दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच पेटीत जेमतेम ५५ लिटर पाणी मावते. गोल्डफिश नीट वाढला तर वीतभर होतो आणि घाणही त्या मानाने बरीच करतो, त्यामुळे नऊ जणांच्या अमोनियापुढे छोट्या फिल्टरचे काहीही चालणार नाही. शिवाय त्याला १८ ते २२ अंशांचे गार पाणी मानवते, तर एंजल-टेट्रांना २४ ते २७ अंश लागतात. म्हणून गोल्डफिशसोबत गोल्डफिशच ठेवावेत. सासूबाईंना आकडे न सांगता, मोठी पेटी आणली की लक्ष्मीही ऐसपैस येईल, असे सांगून पाहा.

पाणकावळा:
‘सकर टाका, तो घाण खातो’ हा सल्ला कोणी सुरू केला, ते एकदा कळायला हवे. दोन इंचांचा सकर लहानपणी शेवाळ खातो हे खरे, पण वाढत वाढत तो फुटाच्या पुढे जातो आणि खातो त्याहून जास्त घाण करतो. रात्रीच्या अंधारात तो गोल्डफिशसारख्या संथ माशाच्या अंगावरचा चिकट थर चोखतो, आणि सकाळी आपण नवे औषध शोधत बसतो. आमच्याकडचा सकर एका स्नेह्यांकडून पेटीसकट वारशाने आलेला आहे; त्यांनीच तो हौसेने घेतला होता.

निळीशाई:
मग मोठा झालेला सकर द्यायचा कुणाला? आमच्या शेजाऱ्यांनी तो तळ्यात सोडायचे ठरवले आहे.

पाणकावळा:
कृपया त्यांना थांबवा. असे सोडलेले सकर देशातल्या कितीतरी नद्या-जलाशयांत पसरले आहेत आणि मासेमारांची जाळी त्यांच्या काट्यांनी फाटतात. दुकानदार बहुधा तो फुकटात परत घेतो.

दूरदेशी:
इथे परदेशात ‘रोझलाइन शार्क’ या नावाने जो महागडा मासा विकतात, तो आपल्या पश्चिम घाटातला, केरळच्या नद्यांमधला डेनिसन बार्ब आहे. २०१३ मध्ये त्याच्या प्रजातीला ‘सह्याद्रिया’ हे नाव मिळाले, हे वाचून ऊर भरून आला आणि मी सहा मासे चार फुटी पेटीत सोडले. तो कुणाला चावत नाही आणि कुणाचे पर ओढत नाही. मात्र वाहत्या पाण्यात वाढलेला हा मासा इतका चपळ आहे की दाणे पाण्याला टेकेपर्यंत संपवतो, आणि संथपणे जेवणारी गुरामी उपाशी राहते. भांडण न होताही मासे विजोड असू शकतात, हे मला तिथे कळले. आता गुरामीला दुसऱ्या कोपऱ्यात आधी खायला घालतो.

सांगलीकर:
फायटरबद्दल कोणी लिहिले नाही. आमचा नर फायटर कोरी (कोरीडोरास) आणि छोट्या रासबोरांबरोबर भरपूर झाडे असलेल्या पेटीत सुखात होता, पण रंगीत शेपटीचा गप्पी दिसताच प्रतिस्पर्धी समजून त्याच्यावर धावून जाई.

वाड्यातली_सून:
सासूबाई तीन फुटी पेटीला तयार झाल्या, परंतु गोल्डफिशचा हट्ट आता माझ्या यजमानांकडे गेला आहे. गोल्डफिश सोडून काय घ्यावे? आमचे पाणी नगरपालिकेचे, मध्यम जड आहे.

जलतरंग:
क्लोरीन काढलेले पाणी भरून पेटी चार ते सहा आठवडे फिल्टरसकट तयार होऊ द्या, अमोनिया आणि नायट्राइट (घाणीतून होणारी विषारी द्रव्ये) शून्यावर आले की मगच सुरुवात करा. वरच्या थरात आपल्याकडचाच झेब्रा डॅनिओ (झाकण हवेच, तो उडी मारतो), मध्ये प्लॅटी, आणि तळाशी सहा कोरी असे ठेवा. सगळे एकदम आणू नका. कोरींचे दाणे दिवे मालवल्यावर टाका, नाहीतर वरचेच खाऊन टाकतात.

वाड्यातली_सून:
मनापासून आभार. पण माझ्या मुलीला दुकानात पाहिलेला चंदेरी ‘शार्क’च हवा आहे.

पाणकावळा:
ताई, तो पंगासियस असावा, वाढला तर मीटरभर होतो. तिला सांगा, तो आपल्या घरी येईलच, फक्त बासा या नावाने आणि ताटात.