सध्या तुमच्या सुईवर काय आहे? (अर्धवट विणकामांचा अनुभव धागा)

सुलटउलट:
भाचीला सातवा लागलाय. वहिनीने बाळंतविडा ऑनलाइन मागवला आणि त्यातली कुंची बघून मला राहवेना. टोपी वेगळी, मागचं फडकं वेगळं, मध्ये शिवण. ती शिवण नेमकी बाळाच्या मानेवर! अहो, कुंची म्हणजे डोक्यापासून पाठीपर्यंत एकसंध, गळ्याशी नाडी, बाळ उचललं तरी पाठ झाकलेली.

आमच्या डोंबिवलीच्या चाळीत कुणाचं डोहाळजेवण ठरलं की दुपारी गॅलरीत लोकरीचे गुंडे निघायचे. एकीकडे कुंची, दुसरीकडे पायमोजे, तिसरीकडे स्वेटर, नाड्या वळायचं काम आम्हा पोरांकडे. रंग पिवळा नाहीतर पोपटी, कारण मुलगा की मुलगी कुणाला ठाऊक! टाके मोजताना कुणी मध्ये बोललं की बायका मोठ्याने आकडा म्हणत हाताने गप्प करायच्या. "बेचाळीस, त्रेचाळीस, दूध वर आलंय बघ गं, चव्वेचाळीस."

तर मी सुया काढल्या. १० नंबरच्या, लोकर थ्री प्लाय म्हणजे तीन पदरी, रंग पोपटी. टीचभर झालंय. सुया शोधताना कपाटातून एका बाहीचं स्वेटरही निघालं. ज्याच्यासाठी विणायला घेतलं होतं तो आता दाढी करतो.

तुमच्याकडे काय अडकलंय, काय पुढे सरकलंय? लिहा. पूर्ण झालेलंही चालेल, पण त्यावर जळायचा हक्क राखीव.

चिमणराणी:
मफलर. कोणता हिवाळा ते विचारू नका.

निवृत्त_काका:
मी पुरुष आहे, आधीच सांगतो. मोबाइल सुटावा म्हणून बायकोने विणायला शिकवलं. आता मोबाइलवर विणकामाचे व्हिडिओ बघतो. सध्या व्ही गळ्याचं हाफ स्वेटर, मुंढ्यापर्यंत आलंय. बॉर्डर १२च्या सुयांवर, अंग १०वर, असं फर्मान आहे. गळा आला की सुया तिच्याकडे जातात आणि मी चहा टाकतो.

चिमणराणी:
काका, काकूंना सांगा आमच्याकडेही एक आहे शिकवायला. स्वभावाने गरीब आहे.

जर्सीवाली:
१० नंबर वाचून हसले. आईने फोनवर सांगितलं, ८ नंबरच्या सुया आण. इथे अमेरिकेतल्या दुकानातली ८ म्हणजे ५ मिलिमीटर, आईची ८ म्हणजे ४. आपल्याकडे ब्रिटिश आकडे चालतात, नंबर वाढला की सुई बारीक. इथे बरोब्बर उलटं. परदेशातून कुणाला सुया मागवत असाल तर मिलिमीटरच सांगा, नात्यागोत्यात वाद नकोत. क्रोशात तर आणखी गंमत, अमेरिकन सिंगल टाका म्हणजे ब्रिटिश डबल. आई म्हणते, त्याला आपला मराठीत मुका खांब म्हण आणि पुढे चल.
बाकी सुईवर सध्या काही नाही, मुलीला ताप आहे. वाचायला आले फक्त.

सुलटउलट:
काळजी घे गं. विणकाम कुठे पळत नाही, माझं तर मुळीच नाही.

फोंड्याची_माई:
आमच्या घरात टीव्हीला क्रोशाचं झाकण, मिक्सरला झाकण, गॅस सिलिंडरलासुद्धा झालरीचा फ्रॉक. टीव्ही भिंतीवर गेला, झाकण उरलं. सून म्हणते देऊन टाका. कुणाला देऊ? आता सगळ्यांचेच टीव्ही भिंतीवर!
शेजारची ख्रिस्ती मैत्रीण चर्चमधल्या आल्तारच्या (वेदीच्या) कापडाला क्रोशाची लेस करते, बारीक दोऱ्याची. तिच्या बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीत, बसून मी ताटावरचा रुमाल करतेय, अननसाची नक्षी. पावसात बाहेर जाणं नसतं म्हणून काम होतं, पण दोरा दमट झाला की सुईवरून सरकत नाही. हाताला थोडी पावडर लावून बसते.

खिडकीची_जागा:
आमच्या लेडीज डब्यात एक मावशी क्रोशाचं तोरण करतात. शेजारी गवार निवडणं चालू, समोर झोपा, आणि ह्यांचा हात मात्र बघत राहावा. मीही सुई घेतली. अजून साखळीच. लांबच लांब साखळी. मावशी म्हणाल्या, "चालू दे, कपडे वाळत घालायला होईल."

नाशिकची_सून:
आजेसासूबाई सांगतात, १९६२ला चीनच्या युद्धात बायका जवानांसाठी स्वेटर, मोजे विणत होत्या, त्याही विणायच्या. माप कुणाचं घ्यायचं? तर आपापल्या भावाचं. त्यांचा भाऊ अंगाने आडवा, त्यामुळे त्यांनी विणलेलं ज्या जवानाला गेलं त्याने आतून आणखी एक घातलं असेल, असं म्हणून स्वतःच हसतात. आता नीट दिसत नाही, पण माझ्या विणीवरून बोट फिरवतात आणि अचूक सांगतात, "इथे उलटाचा सुलट झालाय, उसव." रात्री साडेदहाला! मुलांचे डबे कोण भरणार सकाळी?
हो, तर सुईवर: त्यांच्यासाठीच शाल, वेणीची वीण.

वऱ्हाडी_ठेचा:
आमची आई तिबेटी स्वेटरवाले आले की चक्कर मारायची. घ्यायची काहीच नाही. स्वेटर हातात धरून मागून पुढून बघायची, भाव विचारायची आणि घरी येऊन तीच नक्षी विणायची. बसमध्ये पुढच्या बाईची पाठ बघूनही विणलंय तिने. त्या बाईला उतरू देईना, म्हणे एक ओळ राहिली बघायची.

निवृत्त_काका:
मातोश्रींना साष्टांग नमस्कार.

डावरी:
डावखुऱ्या कुणी आहेत का इथे? व्हिडिओ बघून डोकं फिरतं.

सुलटउलट:
शिकवणारीच्या शेजारी बसू नकोस, समोर बस. आरशात बघितल्यासारखं जमतं. व्हिडिओ असेल तर आडवा उलटवून बघ, तशी सोय असते.

डावरी:
अय्या, जमतंय की! थँक्यू. ऑफिसात आहे, नंतर लिहिते.

हिमगौरी:
अक्रिलिकच्या लोकरीवर गरम इस्त्री दाबू नका, नवऱ्याला तर मुळीच देऊ नका. माझ्या टोपीची फुगीर नक्षी कायमची बसली, पापड झाला. ती परत फुलत नाही. तो बिचारा अजून भांडी घासतोय.

फोंड्याची_माई:
घासू दे गो.

वऱ्हाडी_ठेचा:
कुंचीचं सोडा, अळिवाच्या लाडवांचं कोण बघतंय?

सुलटउलट:
वहिनी करणार म्हणते, पण मागच्या वेळी तिने अळीव पाण्यात भिजवले होते. नारळाच्या पाण्यात भिजवायला सांगा कुणीतरी, मी सांगितलं की राग येतो.
बरं, पोपटी लोकर संपत आली. दुकानात रंगाचा तोच नंबर आहे पण लॉट, म्हणजे रंगवलेली खेप, वेगळा, उजेडात धरलं की फरक दिसतो. काय करू?

नाशिकची_सून:
जुना गुंडा संपायच्या आतच नवा घे. दोन सुया (म्हणजे ओळी) जुन्याच्या, दोन सुया नव्याच्या, असं आलटून पालटून विण. फरक विणीत मिसळून जातो. आजी म्हणतात, जुनी लोकर संपेपर्यंत तसंच चालू ठेव, मध्ये सोडू नकोस.

सुलटउलट:
करते. आजींना विचार ना, कुंचीची नाडी वळलेली बरी की क्रोशाची साखळी?

नाशिकची_सून:
झोपल्यात. उठल्या की विचारते.

खिडकीची_जागा:
साखळी हवी असेल तर माझ्याकडे भरपूर आहे.