रात्रभराचा दशावतार शूट करायचाय, ३० हजारात कोणता व्हिडिओ कॅमेरा घेऊ?

मालवणी_झील:
नमस्कार मंडळी, आमचं गाव कुडाळजवळ, जत्रा मार्गशीर्षात, पालखी फिरून आली की रात्री बारा-साडेबाराला दशावतार उभा राहतो तो उजाडेपर्यंत. आमचे काका तीस वर्षं त्यात स्त्रीपार्ट करतायत, आता गुडघे दुखतात, म्हणाले अजून एखाददुसरी जत्रा बस. यात संवाद लिहिलेले नसतात, जागेवर सुचतील ते बोलतात, म्हणजे त्या रात्री रेकॉर्ड झालं नाही तर ते गेलंच. गेल्या वर्षी मोबाईल लावला होता, पाऊण तासात तापून बंद पडला, काकांचं विलापाचं पद अर्ध्यावर राहिलं, अजून वाईट वाटतं. बजेट ३० हजार, ओढून ताणून ३५. दुकानदार म्हणतोय डीएसएलआर घ्या. काय करू?

जुना_शूटर:
डीएसएलआर नको रे. त्या बजेटातल्या बऱ्याच कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग २९ मिनिटं ५९ सेकंदांनी आपोआप थांबतं, युरोपात अर्धा तास किंवा त्याहून जास्त रेकॉर्ड करणाऱ्याला व्हिडिओ कॅमेरा धरून जादा ड्युटी लागायची म्हणून कंपन्यांनीच तशी मर्यादा घातली. रात्रभर दर अर्ध्या तासाला बटण दाबत बसणार का? साधा हँडीकॅम घे, स्टँडवर लाव. झूमचा फक्त ऑप्टिकल म्हणजे लेन्सचा आकडा बघ, डिजिटल म्हणजे नुसतं चित्र ताणलेलं. फुल एचडी ५० एमबीपीएसला (सेकंदाला ५० मेगाबिट) तासाला साडेबावीस जीबी लागतात, पाच तासांचे झाले ११२, म्हणजे १२८ चं एक कार्ड अगदी काठावर, दोन ठेव. आणि चार्जर लावून ठेवून शूट होतं का ते दुकानातच चालवून बघ, मंडपात प्लग असतोच.
अजून एक, मागे काळोख आणि तोंडावर हॅलोजन असला की ऑटोवर चेहरे पांढरेफटक होतात, रंगवलेल्या चेहऱ्याचं तर काहीच दिसत नाही. एक्सपोजर (कॅमेऱ्याने किती उजेड घ्यायचा ते) हाताने खाली आणता येईल असाच घे.

ओवीताई:
मी आजीच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड केल्यात, त्यावरून सांगते, चित्र थोडं कमी चांगलं असलं तरी चालतं पण आवाज गेला की सगळं गेलं. सोनीच्या सीएक्स४०५ हँडीकॅमला ३०एक्स ऑप्टिकल झूम आहे पण बाहेरचा माईक लावायला जागाच नाही. माईकची पिन असलेलाच बघ, नाहीतर वेगळा छोटा रेकॉर्डर घे आणि रंगमंचाच्या काठावर ठेव. पेटी-मृदंगाशेजारी नको हं, झांज सगळे शब्द खाऊन टाकते. दोन्ही चालू केल्यावर कॅमेऱ्यासमोर एक जोरात टाळी वाजव, नंतर आवाज जुळवायला सोपं जातं.

फ्रेम_कोल्हापूर:
३० हजारात नव्यासाठी अडून बसण्यापेक्षा सेकंडहँड बघ. पण कोकणातला कॅमेरा म्हटलं की लेन्समध्ये बुरशी. बॅटरीचा झोत लेन्समधून तिरका मारून आत बघ, कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर सरळ परत दे. तुझाही पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल टाकून ठेव.
आणि कुणी अमेरिकेहून आणलेला स्वस्तात देत असेल तर जपून, तिकडची वीज ६० हर्ट्झ आणि आपली ५०, ट्यूबलाइटखाली व्हिडिओत पट्टे लुकलुकतात. शटर १/५० सेकंदावर नेता आलं तर ठीक, नाहीतर पाल मॉडेलच घे, म्हणजे आपल्या ५० हर्ट्झला जुळणारं. टेपवाला मिनी डीव्ही कितीही स्वस्त मिळाला तरी नको, एका टेपवर तासभरच मावतं आणि ती कॉम्प्युटरवर घ्यायला फायरवायर नावाची जुनी केबल लागते.

मालवणी_झील:
मंडळी, लय आभार. डीएसएलआर रद्द. माईकची पिन असलेला जुना हँडीकॅम शोधतोय, कणकवलीत एक जण विकतोय, रविवारी बॅटरी घेऊनच जातो. रेकॉर्डरचं काकांना विचारलं तर म्हणाले सुरुवातीला गणपतीचं सोंग येतं त्याच्या आधीच चालू कर, मागाहून येणाऱ्या संकासुराचं (विनोदी राक्षसाचं) बोलणं सुटता नये. ताई, तो रेकॉर्डर काठावर नुसताच ठेवला तर पावलांचा धपधप आवाज येईल का, की खाली टॉवेलची घडी घालू?

ओवीताई:
घडी घालच, जाड घाल. मी तर आजीची गोधडीच घातली होती.