कळकणे, विरी जाणे, गंज चढणे

वरळीकर: मुलीला शाळेत रासायनिक बदल शिकवताहेत. काल पितळी पातेल्यात राहिलेलं चिंचेचं सार आजीने ओतून दिलं, म्हणाली, ‘कळकलं.’ मुलगी विचारते, ‘नासलं’ का नाही म्हणायचं?

गिरगावकर: आजींचा शब्द चोख आहे. सार नासतं ते जंतूंमुळे, कळकतं ते भांड्यामुळे. कल्हई उडाली की चिंचेतलं आम्ल पितळेतल्या तांब्याला भिडतं. तांब्याचे क्षार तयार होऊन सारात उतरतात, हिरवट झाक येते आणि चव जाते. असं सार पोटात गेलं तर मळमळ, उलट्या. कल्हई म्हणजे आतून दिलेला कथलाचा हात. तो असेतोवर आम्ल तांब्यापर्यंत पोचत नाही. बदल दोन्हीही रासायनिकच.

वरळीकर: म्हणजे मूळ पदार्थ परत मिळत नाही म्हणून? शाळेत हीच खूण सांगितली आहे.

गिरगावकर: ती खूण मला मुळीच पटत नाही. गिरणीतून आणलेल्या पिठाचे पुन्हा गहू होतात का? तरी दळणं भौतिकच. नवा पदार्थ झाला का, एवढंच विचारायचं. रंग, वास, बुडबुडे, उष्णता, साका यांवरून सुगावा लागतो, पण एकट्या खुणेवर जाऊ नये. गोटी सोडा फोडला की फसफसतो, तिथे दाबाने विरघळवलेला कार्बन डायऑक्साइड नुसता सुटतो. लिंबाच्या रसात खायचा सोडा टाकला तरी फसफसतंच, पण इथे तोच वायू नव्याने बनतो. कापराचंही तसंच. डबीत उडतो तो भौतिक बदल, आरतीत जळतो तो रासायनिक.

दादरची मी: ‘विरी जाणे’ राहिलंच की! कळीच्या चुन्यावर पाणी घातलं की तो विरी जातो. ऐकायला विरघळण्यासारखं वाटतं, पण पाणी तापून वाफा येतात, कारण कॅल्शियम ऑक्साइडचं कॅल्शियम हायड्रॉक्साइड होतं. ‘गंज चढला’ हेही तसंच फसवं. धुळीसारखा तो बाहेरून येऊन बसत नाही, हवेतला ऑक्सिजन आणि पाणी घेऊन लोखंडच गंज होतं. समुद्रासमोरच्या ग्रिल खाऱ्या दमट हवेने लवकर जातात. आमच्याकडे ‘गंजाने खाल्लं’ म्हणतात, ते जास्त बरोबर.

वरळीकर: मग इतकं आंबट लोणचं कसं कळकत नाही?

गिरगावकर: चिनी मातीच्या बरणीत कळकायला धातू कुठे आहे? पत्र्याचं झाकण असेल तर मात्र ते आतून बघा.