मदत हवी आहे: भावाविरुद्ध पुरावाच नाही, डिस्चार्जचा (खटला चालण्याआधीच दोषमुक्त करा, असा) अर्ज करावा का? (शिवाजीनगर कोर्ट, पुणे)

मंडळी, फौजदारी कामाची माहिती असलेल्यांनी कृपया सांगा.

माझा धाकटा भाऊ वाघोलीच्या एका गोदामात हिशेब लिहायचा. गेल्या वर्षी तिथला माल चोरीला गेला आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०६ खाली (नोकराने मालकाकडे केलेली चोरी) तिघांवर गुन्हा दाखल झाला. भाऊ जामिनावर आहे. दोषारोपपत्राच्या नकला मिळून महिना होत आला.

मी ते पानन्‌पान वाचलं. भावाविरुद्ध दोनच गोष्टी आहेत. एका सहआरोपीने पोलिसांपुढे दिलेल्या जबाबात त्याचं नाव घेतलंय आणि त्या दोघांच्या फोनची यादी जोडलीय. अहो, तो सहआरोपी टेम्पोचा ड्रायव्हर! गाडी भरली का, निघाली का, हे विचारायला भाऊ त्याला रोज फोन करायचाच. भावाकडून काही जप्त नाही, खात्यात पैसे नाहीत, एकाही साक्षीदाराच्या जबाबात त्याचं नाव नाही.

आमचे वकीलसाहेब म्हणतात, केस चालू द्या, शेवटी निर्दोष सुटेल. पण तो शेवट कधी यायचा? नवी नोकरी मिळत आली की पोलीस पडताळणीत अडते. आईने तर शेजारीपाजारी जाणंच सोडलंय.

अर्ज फेटाळला तर पुढे खटल्यात तोटा होतो का? आणि चोरीच्या रात्री भाऊ वडिलांपाशी दवाखान्यात होता, ते कागद अर्जाला जोडता येतील का?

प्रतिसाद १
ताई, आधी मुदत बघा. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी खटला कसा चालवायचा त्याचा कायदा) कलम २६२ प्रमाणे नकला मिळाल्यापासून ६० दिवसांत अर्ज करायचा असतो. जुन्या कायद्यात (कलम २३९) ही मुदत नव्हती, त्यामुळे अजूनही पुष्कळ जण निवांत राहतात. तुम्ही राहू नका.

दवाखान्याचे कागद या टप्प्यावर चालणार नाहीत. देबेंद्रनाथ पाढी प्रकरणात (२००५) सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलंय की आरोप ठेवताना न्यायालय फक्त फिर्यादी पक्षाचेच कागद बघतं. ते कागद बचावासाठी जपून ठेवा. अर्ज मात्र पोलिसांच्याच कागदांवर लढवा: यातलं सगळं खरं धरलं तरी भावाने काय केलं असं दिसतं?

पोलिसांपुढची कबुली साक्ष अधिनियमाच्या कलम २३ मुळे पुराव्यात येत नाही. ती काढली की उरते फोनची यादी, आणि नुसत्या फोनवरून चोरी दिसत नाही. प्रफुल्लकुमार सामल प्रकरणापासून (१९७९) कसोटी ठरलेली आहे. नुसता संशय पुरत नाही, तो गंभीर लागतो. न्यायाधीशाने टपाल कचेरीसारखं आलेलं पुढे ढकलायचं नसतं, पण साक्षीपुराव्याची बारीक छाननीही या वेळी होत नाही. म्हणून अर्जात "साक्षीदार खोटं बोलतो" असले मुद्दे घालू नका, ते खटल्यात.

फक्त दोन गोष्टी पुन्हा तपासा. सहआरोपीचा जबाब दंडाधिकाऱ्यापुढे तर झालेला नाही ना? आणि भावाच्या निवेदनावरून काही जप्त केल्याचा पंचनामा कुठे दडलेला नाही ना? असेल तर चित्र बदलतं.

धागाकर्ती
खूप आभार. पंचनामे परत वाचले. जप्ती फक्त ड्रायव्हरकडून, भावाचं निवेदन कुठेच नाही. जबाबही पोलीस ठाण्यातलाच आहे. फेटाळला तर काय, तेवढं सांगाल का?

प्रतिसाद २
माझ्या मेहुण्याचा अर्ज खाली फेटाळला होता, सत्र न्यायालयात पुनरीक्षण अर्जावर (खालचा आदेश वरच्या न्यायालयाने तपासावा, असा अर्ज) सुटका झाली. त्याला ९० दिवसांची मुदत असते. वरही फेटाळलं तरी अंतिम निकालावर त्याचं बंधन नसतं, निर्दोष सुटायची वाट उघडीच राहते. एक मात्र घरच्यांना आधीच सांगून ठेवा: दोषमुक्त झाल्यावरही खटल्यात भावाविरुद्ध नवा पुरावा आला, तर न्यायालय त्याला पुन्हा बोलावू शकतं. सध्याच्या वकिलांना अर्ज करायचा नसेल, तर त्यांची लेखी ना-हरकत घेऊन दुसरे बघा. पण याच आठवड्यात.